क्रूझवर पहिल्यांदा जाताय? मग रात्रीचं प्लॅनिंग आधी करा

क्रूझचं बुकिंग करताना आपल्याकडची माणसं ठरलेले तीनच प्रश्न विचारतात. व्हेज मिळतंय का, बाल्कनी आहे का, आणि सगळं धरून किती होतील. रात्रीचं कोणच विचारत नाही. आणि जहाजावर गेल्यावर कळतंय की तिथला खरा कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर सुरू होतोय, आणि आपण सोलापूरच्या सवयीनं नवाला जेवून दहाला आडवं झालो तर तिकिटाचे निम्मे पैसे अक्षरशः पाण्यात. म्हणून हे सगळं फक्त रात्रीबद्दल लिहितोय. दिवसाचं पोहणं, किनाऱ्यावरचं फिरणं, स्पा वगैरे टूरवाले सांगतातच.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी आपल्याला रात्र कशी पाहिजे ते घरात बसून ठरवा आणि मग त्या रात्रीचं जहाज शोधा. बहुतेक लोक उलटं करतात, ऑफर बघून जहाज घेतात आणि मग तिथं जाऊन म्हणतात, इथं काहीच नाही ओ.

पहिली पायरी: जहाज निवडणं

लक्झरी म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं झगमगाट, डीजे, पहाटेपर्यंत नाच असं काहीतरी येतंय. पण क्रूझमधे गणित उलटं आहे, जहाज जितकं महाग तितकी रात्र शांत. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट ह्या खऱ्या अर्थानं लक्झरी कंपन्या, ह्यांची जहाजं छोटी, प्रवासी काहीशे, दारू बहुतेक तिकिटातच धरलेली, आणि रात्रीचा कार्यक्रम म्हणजे कोपऱ्यात पियानो, बारमधे आठ-दहा माणसं, बारटेंडरला दुसऱ्या दिवसापासनं तुमचं नाव आणि तुमचं ड्रिंक पाठ. साडेअकरानंतर पॅसेजमधे चिटपाखरू नसतंय. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर तर कसिनोच नाही आणि १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. रिटायर झालेल्या जोडप्याला हे स्वर्गच, पण तुमची पंचविशीतली चार पोरं तिथं नेली तर दुसऱ्या रात्री तोंड पाडून बसतील.

ज्यांना गर्दी, रोषणाई, शो, नाच पाहिजे त्यांनी मोठ्या जहाजांकडं बघावं. कागदोपत्री ती "लक्झरी" नसतात पण रात्र तिथंच रंगतीय. सिंगापूरहून सुटणारं जेन्टिंग ड्रीम हे तीन हजारांवर प्रवासी घेणारं जहाज, तिथं भारतीय लोक भरपूर आणि व्हेज-जैन जेवणाची सोय पण आहे. सिंगापूरहूनच रॉयल कॅरिबियनची जी मोठी जहाजं सुटतात ती बऱ्याचदा क्वांटम क्लासची असतात, त्यावर रोबोटचे दोन हात कॉकटेल बनवून देतात तो बायोनिक बार आहे (२०१४ ला पहिल्यांदा क्वांटम ऑफ द सीजवर आला), आणि मागच्या टोकाला टू-सेव्हंटी नावाचा हॉल आहे, दिवसा काचेतनं समुद्र बघायचा आणि रात्री त्याच काचांवर पडदे येऊन प्रोजेक्शन सुरू, वर रोबोटच्या हातावर हलणारे मोठे स्क्रीन. हे एकदा बघाच.

ह्या दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे क्युनार्ड कंपनीचं क्वीन मेरी टू, २००४ पासनं चालू आहे. तिथं जुन्या पद्धतीचा बॉलरूम आहे, लाइव्ह बँड, आणि एकट्या आलेल्या बायकांना नाचायला जोडीदार म्हणून कंपनीनं ठेवलेले सभ्य गृहस्थ. हे ऐकून आमच्या ग्रुपमधे लई हसले सगळे, पण नाच येणाऱ्याला ही फार चांगली सोय आहे. त्या जहाजावर प्लॅनेटेरियम पण आहे.

आणि व्हिसा-पासपोर्टच्या भानगडीत न पडता आधी चव बघायची असेल तर मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज. कॉर्डेलियानं २०२१ ला मुंबईतनं सेवा सुरू केली, पण जहाज स्वतः १९९० चं, रॉयल कॅरिबियनकडं नॉर्डिक एम्प्रेस नावानं सुरू झालेलं. त्यामुळं वर लिहिलेल्या रोबोट-बिबोटची अपेक्षा ठेवू नका. पण हिंदी गाणी, हिंदी अँकरिंग, आपल्यासारखीच कुटुंबं, डीजेला फर्माईश केली तर कळणारी भाषा, ह्या गोष्टी पहिल्या वेळेला लई आधार देतात. गोव्याची दोन-तीन रात्रींची ट्रिप पहिल्यांदाला बास होतीय. पावसाळ्यातला अरबी समुद्र खवळलेला असतोय, म्हणून दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंतची तारीख धरा. परदेशी जहाजाचं डोक्यात असेल तर पासपोर्टचं आधीच बघा, त्यासाठी पुण्याला पळायची गरज नाही, पोस्टातलं पासपोर्ट केंद्र सोलापुरात आहे.

दुसरी पायरी: केबिन, आणि वर-खाली काय आहे ते

केबिन घेताना एजंट बाल्कनी, खिडकी, आतली असं विचारतोय. तुम्ही त्याला डेक प्लॅन मागा, म्हणजे जहाजाचा मजल्यागणिक नकाशा, कंपनीच्या साईटवर पण असतोय. त्यात तुमच्या केबिनच्या बरोब्बर वर आणि खाली काय आहे ते बघा. वर नाईट क्लब आला तर तुम्ही नाचा नायतर झोपा, रात्री दोनपर्यंत धडधड तुमच्या उशीतनं येणार. वर पूल डेक आला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढायचा आवाज. खाली थिएटर आलं तर निदान ते बारापर्यंत आटपतंय. सगळ्यात शांत म्हणजे वर पण केबिन आणि खाली पण केबिन.

ज्यांना गाडी लागतीय त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथं जहाज सगळ्यात कमी हलतंय. अगदी पुढच्या टोकाची केबिन स्वस्तात मिळाली तर एक लक्षात ठेवा, पहाटे बंदरात शिरताना जहाज बाजूला ढकलणारे थ्रस्टर सुरू होतात, त्यांचा घरघराट तिथंच येतोय. शिवाय समोर तोंड असलेल्या केबिनमधे रात्री पडदे लावून ठेवायला सांगतात, कारण वर ब्रिजवरनं, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतनं, अंधारात समुद्र बघणाऱ्यांच्या डोळ्यावर तुमच्या ट्यूबचा उजेड यायला नको.

तिसरी पायरी: बॅग

रात्रीच्या कपड्यांवरनं लोकं उगाच टेन्शन घेतात. फॉर्मल नाईट म्हणलं की नवी पेठेत जाऊन सूटचं कापड बघायची गरज नाही. बायकांना साडीइतकं फॉर्मल दुसरं काही नाही, इरकल नेसून गेलात तर फोटोग्राफर मागं लागतोय. पुरुषांना कुर्ता आणि वर जाकीट, नायतर साधा ब्लेझर. संध्याकाळी मुख्य डायनिंग हॉलमधे हाफपँट आणि स्लिपर मात्र चालत नाही, दारात नम्रपणे परत पाठवतात, आणि तो नम्रपणाच जास्त लागतोय. बुकिंगच्या वेळी थीम नाईट कोणती ते विचारून घ्या. व्हाईट पार्टी बऱ्याच जहाजांवर असती, तेव्हा एक पांढरा शर्ट टाकाच. व्हर्जिन व्हॉयेजेसवर, जिथं सगळेच प्रवासी १८ च्या वरचे असतात, तिथं लाल कपड्यांची रात्र असती.

शाल किंवा पातळ जाकीट पाहिजेच. थिएटरमधला एसी बेकार गार असतोय. आणि वर डेकवर वारा, ते पुढं सांगतो. पण सोलापुरी चादर नेऊ नका, प्रेम कितीही असलं तरी निम्मी बॅग तीच खाती. चप्पल-बूट सपाट तळाचे घ्या, ओल्या लाकडी डेकवर टाचेची सँडल म्हणजे डॉक्टरांकडं जायची तयारी.

इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड, अगरबत्ती, निरांजन, कापूर, मेणबत्ती हे घरीच ठेवा. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसती, सिक्युरिटीत काढूनच घेतात.

आता नाजूक विषय. मावा. सिंगापूरला जाणार असाल तर मावा, गुटखा, तंबाखू ह्यातलं काहीही बॅगेत, खिशात, पाकिटाच्या कप्प्यात नको. चघळायची तंबाखू तिथं जवळ बाळगणं पण गुन्हा आहे. काकांना चार वेळा सांगा, आणि निघताना स्वतः खिसे बघा, राग आला तरी चालंल.

गाडी लागण्याची गोळी डॉक्टरला विचारून घ्या. ॲव्होमिनसारखी गोळी हलायला लागल्यावर घेऊन उपयोग कमी, आधी घ्यायची असती. आणि ह्या गोळ्यांनी झोप येतीय, वर दारू घेतली तर अजूनच. त्या रात्री एकच काहीतरी ठरवा.

चौथी पायरी: सोलापूर ते बॅलार्ड पिअर

मुंबईहून जहाज असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी. सकाळी सीएसएमटीला उतरलं की जहाज सुटतंय तो धक्का, म्हणजे बॅलार्ड पिअर, तिथनं टॅक्सीनं जवळच. वंदे भारत सकाळी निघून दुपारी साडेबाराच्या आसपास पोचतीय, आठवड्यातनं एक दिवस बंद असती, आणि बोर्डिंगचा टाईम दुपारचा असला तर फार घासून होतंय, गाडी तासभर लेट झाली की जीव टांगणीला. जहाज कुणासाठी थांबत नाही.

सिद्धेश्वरचा तोटा एवढाच की झोप निम्मीच होतीय. कुर्डुवाडी, दौंड, पुणे, प्रत्येक ठिकाणी कोणतरी लाईट लावतंय. त्यामुळं पहिल्या रात्री जागायचं असेल तर केबिनची चावी हातात आल्यावर जेवा आणि सरळ दोन तास झोपा. सगळे म्हणतील चला जहाज बघू, बघू द्या त्यांना, तेच लोक रात्री साडेदहाला शोमधे मान टाकून घोरतात.

पाचवी पायरी: चढल्यावरची तीन कामं

पहिलं काम म्हणजे मस्टर ड्रिल, संकटात कुठं जमायचं त्याचा सराव. टाळता येत नाही आणि टाळू पण नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळून कलंडलं तेव्हा काही प्रवासी नुकतेच चढलेले होते आणि त्यांचं ड्रिल व्हायचं होतं. त्यानंतर नियम बदलला, जहाज सुटायच्या आधी ड्रिल. सात छोटे भोंगे आणि एक लांब, एवढं ऐकू आलं की जमायचं. जमायची जागा बहुतेक वेळा तुमच्या कार्डावरच छापलेली असती. रात्री दोन पेग झाल्यावर रस्ता आठवत नाही म्हणून दिवसाच एकदा चालून बघा.

दुसरं, कार्ड. केबिनची चावी, ओळखपत्र आणि पाकीट, सगळं तेच एक कार्ड. जहाजावर रोख चालत नाही, प्रत्येक ठिकाणी कार्ड टॅप, बिल खात्यावर. हे लई धोक्याचं आहे कारण पैसे गेल्यासारखं वाटतच नाही. रिसेप्शनवर जाऊन मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करता येतोय किंवा मर्यादा घालता येती, लगेच करून टाका. ड्रिंक्स पॅकेजचा विचार असेल तर आधी नियम वाचा, बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एकानं दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसाला पण घ्यावं लागतंय. बायको पित नसेल तर हिशोब बिघडला. अमेरिकन कंपन्यांत प्रत्येक ड्रिंकवर १८ टक्क्यांच्या आसपास सर्व्हिस चार्ज वेगळा.

तिसरं, मोबाईल एअरप्लेन मोडवर. भर समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाईट नेटवर्कला चिकटतोय आणि साधं रोमिंग तिथं चालत नाही, बिल बघून घेरी येईल. व्हॉट्सॲप पाहिजे तर जहाजाचं वायफाय विकत घ्या.

सहावी पायरी: उद्याचा कागद

रोज संध्याकाळी केबिन आवरणारा माणूस पलंगावर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापलेला कागद ठेवून जातोय, आता बऱ्याच ठिकाणी ॲपवर येतंय सगळं. ह्या कागदावर रात्रीची किल्ली आहे. एका वेळी सात-आठ ठिकाणी काहीतरी चालू असतंय आणि सगळं बघायच्या नादात माणूस लिफ्टमधेच निम्मी रात्र घालवतोय. गड्ड्याच्या जत्रेत एका संध्याकाळी सगळे पाळणे, मौत का कुआँ आणि भज्यांची सगळी दुकानं होत नाहीत, तसंच आहे हे.

पेन घ्या, रात्रीच्या दोन गोष्टींवर खूण करा. दोनच. त्यातली एक बसून बघायची आणि एक उभ्यानं करायची. आणि शेवटी घड्याळाची ओळ वाचा. परदेशी मार्गावर रात्री घड्याळ तासभर पुढं-मागं करायला सांगतात. सिंगापूरची वेळ तर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे, पहिल्या रात्री तिथं बारा वाजले तरी तुमच्या पोटात साडेनवच वाजलेले असतात, त्यामुळं आपल्या लोकांना तिथं जागणं सोपं जातंय. सकाळी उठताना त्याची वसुली होती.

सातवी पायरी: संध्याकाळ ते अकरा

परदेशी जहाजांवर मुख्य डायनिंगमधे जेवणाच्या दोन पंगती असतात, लवकरची सहाच्या सुमारास आणि उशिराची आठ-सव्वाआठला. थिएटरचा शो पण त्याला धरून दोनदा होतोय. आपल्या माणसांनी उशिराची पंगत घ्यावी, सहाला जेवण घशाखाली उतरत नाही आणि मग रात्री अकराला परत भूक. फक्त बुकिंगच्या वेळीच सांगायचं, नंतर जागा मिळत नाही.

थिएटरला वीस मिनिटं आधी जा. पहिल्या दोन रांगा सोडून बसा, जादूगार आणि कॉमेडियन तिथलीच गिऱ्हाईकं स्टेजवर ओढतात. मधल्या भागात जरा मागं बसलं की सगळं स्टेज दिसतंय. जहाजावरच्या शोची एक गोष्ट मला भारी वाटती, समुद्र जास्त हलायला लागला की नाचाच्या उड्या कमी करतात, दोरीवरचे आणि बर्फावरचे कार्यक्रम तर रद्दच करतात. होय, बर्फावरचे. रॉयल कॅरिबियनच्या व्हॉयेजर ऑफ द सीजवर १९९९ पासनं स्केटिंगची रिंक आहे, बाहेर उकाडा आणि आत लोक स्केट घालून गिरक्या घेतात. तेव्हा असा शो पहिल्या रात्री लागला आणि समुद्र शांत असला तर उद्यावर टाकू नका.

कॉमेडीचा उशिराचा शो असेल तर कागदावर मोठ्यांसाठी असं लिहिलंय का बघा. सासऱ्यांच्या शेजारी बसून तसले जोक ऐकणं अवघड जातंय.

आठवी पायरी: अकरानंतर

इथनं पुढं खरी मजा. अकराला फॅमिली गर्दी कमी होती, लाईट मंद, आणि कर्मचारी पण जरा मोकळे बोलतात. नवख्या माणसानं सुरुवात लाइव्ह बँडपासनं करावी. बऱ्याच जहाजांवर बँड फिलिपिनो कलाकारांचा असतोय आणि ते लोक कुठल्याही भाषेतलं गाणं दोन दिवसात बसवतात. एक सरबत घेऊन बसा, कोण हटकत नाही, दारू प्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. पियानो बार असेल तर पियानोच्या भोवतीच्या स्टुलावर बसा, लांब टेबलवर नको, फर्माईश तिथनंच होती.

मग कॅरिओके. मराठी गाणी यादीत मिळायची आशा कमी, पण हिंदी जुनी असतात भारतीय गर्दीच्या जहाजांवर. नाव लवकर नोंदवा, बारानंतर रांग लांबती. बेसूर गाणाऱ्यालाच तिथं जास्त टाळ्या पडतात, तेव्हा लाजू नका.

सायलेंट डिस्को हा प्रकार मात्र चुकवू नका. दारात प्रत्येकाला हेडफोन देतात, त्यावर बहुतेक तीन चॅनेल, प्रत्येकाचा रंग वेगळा, निळा, लाल, हिरवा. तुम्ही जे ऐकताय त्या रंगाचा दिवा तुमच्या कानावर पेटतोय, त्यामुळं कोणत्या डीजेकडं गर्दी आहे ते लांबनं दिसतंय. हॉलमधे स्पीकर बंद. माझ्या मावशीला मी नेलं तेव्हा ती दारातच थबकली, आत दीडशे-दोनशे माणसं चिडीचूप नाचतायत, फक्त बुटांची खसखस, आणि मधनंच कोणतरी बेसूर आवाजात गाण्याची अर्धी ओळ ओरडतंय. मावशी म्हणली, "काय रे, सगळ्यांच्या एकदम अंगात आलंय का काय?" मी म्हणलं, घाल की डोक्याला, मग कळंल. तिनं अंबाड्यावर बसत नाही म्हणून हेडफोन उलटा हनुवटीखालनं घातला, हिरव्यावर जुनी हिंदी लागली होती, आणि पुढं मीच दमून खुर्चीत बसलो, ती नाही. कानाला आवाज नको वाटणाऱ्यांना हे उत्तम, आवाज आपल्या हातात असतोय आणि बोलायचं असलं की हेडफोन गळ्यात.

डान्स शिकवायचे क्लास दुपारी असतात, साल्सा, लाईन डान्स, फुकट. दुपारी अर्धा तास ते केलं की रात्री फ्लोअरवर हात कुठं ठेवायचा हा प्रश्न सुटतोय.

खाण्याचं. एकेकाळी क्रूझ म्हणजे मिडनाईट बुफे, बर्फाचे हंस, कलिंगडाची कोरलेली फुलं, लोकं आधी फोटो काढायची मग खायची. आता बऱ्याच कंपन्यांनी तो थाट कमी केलाय आणि त्याजागी रात्रभर चालणारा पिझ्झा नायतर कॅफे. केबिनमधे मागवायला रात्री वेगळे पैसे पडतात काही ठिकाणी. जैन किंवा कांदा-लसूण नको असलेल्यांनी रात्रीच्या खाण्याचं जेवणाच्या वेळीच वेटरला सांगून ठेवावं, बाराला काउंटरवर जाऊन समजावत बसू नये.

कसिनो: बघायला जा, पण हे वाचून जा

महाराष्ट्रात कसिनोच नाहीत, त्यामुळं आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे पहिल्यांदाच दिसतंय. बंदरात कसिनो बंद असतोय. भारताची सागरी हद्द किनाऱ्यापासनं १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, जहाज समुद्रात पुरेसं आत गेल्यावर उघडतोय, माईकवर सांगतात. वयाची अट कुठं १८ कुठं २१.

रूलेटच्या, म्हणजे आकड्यांचं चाक फिरवून खेळायच्या जुगाराच्या, टेबलाशी उभं राहिलात तर आधी चाक बघा. एकच शून्य असलेल्या चाकात ३७ घरं असतात आणि घराचा, म्हणजे कसिनोचा वाटा २.७ टक्के. दोन शून्यं असतील तर ३८ घरं आणि वाटा ५.२६ टक्के, जवळजवळ दुप्पट. जिंकलेल्याला पैसे मात्र दोन्हीकडं तेवढेच मिळतात. म्हणून दोन शून्यांच्या चाकावर पैसे लावणं म्हणजे निव्वळ येडेपणा. मी तर म्हणतो एक रक्कम ठरवा, तेवढी चिप (पैशाऐवजी लावायच्या टिकल्या) घ्या, संपली की उठा, आणि कार्डावरनं परत चिप घ्यायची नाही. काही कसिनोत सिगारेट चालतीय, दम्यावाल्यांनी लांबनंच बघावं.

डेकवर

रात्री एकदा तरी वरच्या डेकवर जा. मुंबईतनं सुटताना तर जाच, संध्याकाळी कुलाब्याचं टोक सोडताना प्रॉन्ग्ज दीपगृह आणि मग दक्षिणेला खांदेरी, जिथलं दीपगृह आता कान्होजी आंग्रेंच्या नावानं आहे. सेल-अवे पार्टीचा, म्हणजे जहाज सुटतानाच्या पार्टीचा, डीजे तेव्हा मागं वाजत असतोय, पण सगळे मोबाईल मुंबईकडं वळलेले.

जहाज २० नॉटनं चाललं तर ताशी ३७ किलोमीटर होतात, म्हणजे हवा अगदी पडलेली असली तरी तुमच्या तोंडावर तेवढा वारा येणारच. टोपी, ओढणी, शाल सांभाळा. वारा वाढला की वरचा डेक बंद करतात, दोरी लावलेली असली तर ओलांडू नका. तारे बघायचे तर दिव्यांपासनं लांबचा कोपरा शोधा, पुढच्या बाजूला बहुतेक अंधारच असतोय, ब्रिजवाल्यांसाठी. थंडीच्या दिवसात अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव वाढतोय, नशीब असेल तर जहाजानं कापलेल्या पाण्यात निळसर चमक दिसती, पण जहाजाचाच उजेड इतका की दिसलीच पाहिजे असा हट्ट नको.

काही जहाजांवर पूलसमोर मोठ्या पडद्यावर सिनेमा लावतात. प्रिन्सेस कंपनीनं २००४ ला कॅरिबियन प्रिन्सेसवर हे सुरू केलं, पॉपकॉर्न आणि पांघरूण देतात, खुर्ची आडवी करून बघायचं. लहान पोरं असलेल्यांना ह्यापेक्षा सोपी रात्र नाही.

दोन गोष्टी कडक शब्दात. कठड्यावर बसायचं नाही, चढायचं नाही, रील तर अजिबात नाही. कोण पडलेलं दिसलं तर ओरडा, जवळची तरंगणारी रिंग फेका आणि एकानं बोट त्याच्याकडंच धरून ठेवायचं, नजर हटली की अंधारात परत सापडत नाही. दुसरी, सिगारेटचं थोटूक समुद्रात टाकायचं नाही. वारा ते परत खालच्या बाल्कनीत आणतोय. मार्च २००६ ला स्टार प्रिन्सेसला जमैकाजवळ रात्री आग लागली, कारण बहुधा असंच एक थोटूक, आणि एका प्रवाशाचा जीव गेला.

मुलं सोबत असतील तर

किड्स क्लब बहुतेक ठिकाणी दहापर्यंत तिकिटातच असतोय, त्यानंतर तासाचे वेगळे पैसे घेऊन सांभाळतात. मोठ्या मुलांना ठराविक वेळेनंतर एकट्यानं फिरायची बंदी असती. नवरा-बायकोनं एक-एक रात्र वाटून घेतली तर भांडण होत नाही. आजी-आजोबांवर रोज टाकू नका, ते पण पैसे भरून आलेत.

शेवटची रात्र

मोठ्या जहाजांवर शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, रात्रीतनंच खाली नेतात. इथं दरवेळी कोणतरी फसतंय, सगळे कपडे भरून टाकतात आणि सकाळी पार्टीचा चमकणारा झगा घालून इमिग्रेशनच्या रांगेत. म्हणून उद्याचा ड्रेस, चप्पल, गोळ्या, पासपोर्ट, ब्रश हे हातातल्या पिशवीत काढून मगच बॅग बाहेर. बॅग ठेवून परत नाचायला जायला कोण आडवत नाही.

आणि खात्याचं बिल त्याच रात्री बघा. रिसेप्शन मोठ्या जहाजांवर रात्रभर उघडं असतंय, सकाळी सातला तिथं शंभर माणसांची रांग लागती आणि रात्री एकला कोणच नसतंय. डिस्कोतनं येताना पाच मिनिटं थांबा, छापील बिल मागा, न घेतलेलं ड्रिंक किंवा मिनीबारचं पाणी लागलं असेल तर तिथंच काढून घ्या. एकदा उतरलात की नंतर ईमेल करत बसावं लागतंय.